गाडीचा कुठला भाग घरी रंगवावा आणि कुठला पेंटरकडे न्यावा

‘स्प्रेचा कॅन आणून घरीच मारू, की पेंटरकडे देऊ?’ असं विचारणारे बहुतेक जण खर्चाचा हिशेब आधीच मांडून आलेले असतात. मी त्यांना दोन वेगळेच प्रश्न विचारते. भाग गाडीवरून सुटतो का? आणि परत बसवल्यावर त्याला खेटून त्याच रंगाचा दुसरा भाग येतो का? सुटत असेल आणि खेटून कुणी नसेल, तर बिनधास्त घरी रंगवा. सुटत नसेल किंवा शेजारच्या पत्र्याशी रंग जुळवावा लागणार असेल, तर पेंटरकडे न्या. बाकीचे मुद्दे आहेतच, पण ते या दोन प्रश्नांनंतरचे.

म्हणजे वायपरचे दांडे, काळी जाळी, व्हील कॅप, नंबर प्लेटची चौकट, बॉनेटखालचे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, ब्रेकचे कॅलिपर ही सगळी घरची कामं. यांतलं बरंचसं काळं किंवा राखाडी असतं आणि काळ्याची छटा जरा इकडेतिकडे झाली तर तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. बाहेरच्या आरशाचं कव्हर गाडीच्याच रंगाचं असतं, तरी मी ते घरच्या यादीत धरते, कारण ते दारापासून सुटं, वेगळ्या कोनात उभं असतं आणि मध्ये काळं प्लास्टिक येतं. डोळा दोन रंगांची तुलना करतो ती एकमेकांना चिकटून असतील तेव्हा.

बॉनेट, दार, मडगार्ड, छत हे पेंटरचं. बंपर अधेमधे. तो प्लास्टिकचा असल्यामुळे कोऱ्या गाडीवरही कधीकधी शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित वेगळा दिसतो, त्यामुळे रंगाच्या बाबतीत थोडी सूट मिळते. पण आकार मोठा, वळणं फार, आणि आजकाल त्यात सेन्सर असतात. खालची न रंगवलेली काळी पट्टी घरी, वरचा रंगीत भाग पेंटरकडे, असं माझं धोरण आहे.

काही गोष्टी मात्र कुणीच रंगवू नयेत. स्टिअरिंगवरचं किंवा डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण हे ठरलेल्या रेषेवर फाटून उघडावं अशा बेताने बनवलेलं असतं. त्यावर रंगाचे थर चढवून त्या फाटण्यात ढवळाढवळ करू नका. सीट बेल्टचा पट्टाही तसाच सोडा.

वरचा पारदर्शक थर कुठला, यावर सगळं अवलंबून

कंपनीतून निघालेल्या पत्र्यावर आधी गंजरोधक प्रायमर असतो, अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरते. त्यात रंगाचा थर जेमतेम १५-२० मायक्रॉन आणि क्लिअर ३५ ते ५०. आपण ज्याला रंग म्हणतो तो खरं तर आतला एक पातळसा पापुद्रा. चकाकी, उन्हाला तोंड देणं, पेट्रोलचा थेंब आणि पक्ष्याची शीट सोसणं ही कामं क्लिअर करतो.

साध्या कॅनमधलं क्लिअर ‘वन-के’ असतं. त्यातलं थिनर उडून गेलं की ते सुकतं, बस. त्यामुळे पुढे कधीही थिनर किंवा पेट्रोल लागलं तर ते पुन्हा मऊ होऊ शकतं. पेंटर वापरतो ते ‘टू-के’. त्यात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन थर कायमचा घट्ट होतो; मग थिनरही त्याला सहजासहजी हलवू शकत नाही. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीचं झाकण, अगदी तळहाताएवढं आणि दोन स्क्रूंवर सुटणारं असलं, तरी मी साध्या कॅनने रंगवायला सांगत नाही. पेट्रोल भरताना एकदा ओघळ आला की चट्टा पडलाच.

आधी कुणी कुठलं क्लिअर मारलंय हे पाहायचं असेल तर भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरने ओलं केलेलं पांढरं फडकं थोडा वेळ घासा. फडक्यावर रंग आला किंवा जागा चिकट झाली, तर ते वन-के समजा. त्यावर टू-के मारलं तर खालचा थर सुरकुतण्याची शक्यता असते, त्यामुळे तो आधी काढावा लागतो.

आता कुणी म्हणेल, टू-केचेही कॅन मिळतात की. मिळतात. कॅनच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते, आणि मग लेबलवर लिहिलेल्या मुदतीत कॅन संपवायचा असतो. नंतर तो आतल्या आत घट्ट होतो. फिनिश सुंदर येतं यात वाद नाही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेले की काही जणांना कायमची ॲलर्जी जडते, दमा होतो, आणि एकदा जडली की अगदी थोड्याशा मात्रेनेही त्रास उलटतो. कापडी मास्क किंवा धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. कार्बनच्या फिल्टरचा मास्क अडवतो, पण फिल्टर कधी संपला हे या पदार्थाच्या बाबतीत वासावरून समजत नाही. चांगल्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामासाठीच्या बंद खोलीत, पेंटर बाहेरून नळीने हवा येणारा मास्क लावून टू-के मारतात ते यासाठी. घरच्या पार्किंगमध्ये, जिथे वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या आणि खाली मुलं खेळतायत, तिथे मी टू-केचा कॅन उघडत नाही. टू-के हवंय म्हणजे काम पेंटरचं, इतकं सरळ ठेवलंय.

घरचं काम: आरशाचं कव्हर

पद्धत एकच, म्हणून आरशाचं कव्हरच घेऊ. ते बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर बसवलेलं असतं. आधी आरशाची काच निघते, मग आतून क्लिपा दाबून कव्हर सुटतं. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा क्लिप तुटण्याची भीती जास्त.

कव्हर उलटं करून आत प्लास्टिकचा कुठला प्रकार छापलाय ते वाचा. ‘एबीएस’ असेल तर रंग सहज धरतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल (बंपर आणि काळ्या पट्ट्या बहुधा याच्याच), तर त्याचा पृष्ठभाग तेलकट स्वभावाचा. त्यावर प्लास्टिक प्रायमर, म्हणजे ॲढेजन प्रमोटर, मारल्याशिवाय काहीही टिकत नाही. रंग अख्ख्या पापुद्र्याने सुटून येतो. जुना रंग शाबूत असेल आणि घासताना कोरं प्लास्टिक कुठे उघडं पडलं नसेल, तर प्रमोटरची गरज नाही. जिथे उघडं पडलं तिथे हवाच.

मग धुणं. आधी भांड्याच्या साबणाने आणि पाण्याने, मग सुकवून वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने. इथे लोक एकाच फडक्याने काम उरकतात आणि तेल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतात. दोन फडकी घ्या: एकाने रिमूव्हर लावा, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे घासण्याच्या आधीच करायचं. गाडीवर पूर्वी मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश पुसलं नाही तर सँड पेपर ते ओरखड्यांत खोलवर दाबतो. मग रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि वरून कितीही रंग मारा, भरत नाहीत. त्या दिवशी त्या जागेत डॅशबोर्डची पॉलिश किंवा टायरचा चकाकी स्प्रे उघडायचासुद्धा नाही.

घासणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. खोल ओरखडा असेल तर तिथे १८० किंवा २४० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) कडा उतरत्या करायच्या. नखाने ओरखड्याच्या आडवं ओढून पाहा. नख अडकलं तर रंगाखालूनही ओरखडा दिसणारच, पुटी भरा. पुटी सुकल्यावर ३२०, मग प्रायमर, मग प्रायमरवर ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून. मेटॅलिक रंग असेल तर मी ८००च्या खाली येत नाही, कारण चंदेरी कण खालच्या ओरखड्यांत जाऊन बसतात आणि उन्हात रेघा उमटतात. कडा आणि खाचा पेपरने घासू नका, तिथे राखाडी जाळीदार पॅड वापरा. कडांवर रंग आधीच पातळ असतो. पेपरचे चार फटकारे बसले की प्लास्टिक उघडं.

मी ज्या पेंटरकडे मोठी कामं देते, त्यांच्याकडून एक गोष्ट मी शिकले. पुटी घासून झाल्यावर ते त्यावर नुसता हात फिरवत नाहीत, हाताखाली मऊ फडकं धरून फिरवतात. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘ताई, नुसत्या हाताला खरखर कळते. फडकं घेतलं की खरखर जाते आणि खड्डा तेवढा राहतो.’’ करून बघा. बोटांच्या टोकांनी नाही, सपाट तळव्याने, आणि घासलेल्या भागापासून सुरुवात करून न घासलेल्या भागापर्यंत जात. डोळ्याला न दिसलेला खोलगटपणा तळव्याला लगेच सापडतो.

प्रायमरवर ‘गाइड कोट’ मारायची सवय लावा. वेगळ्या रंगाच्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा प्रायमरवर करायचा आणि मग घासायचं. उंच जागेवरचा शिडकावा आधी पुसला जातो, खोल जागेत ठिपके राहतात. ठिपके संपले म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला.

जागा, हवा, कॅन

२० ते २५ अंश तापमान आणि बेताची दमट हवा असेल तो दिवस निवडा. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि चकचकीत काळा रंग दुधाळ दिसायला लागतो. कडक उन्हात उलटं: रंग भागापर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि खरखरीत बसतो. सावलीत, वारा नसलेल्या पण हवा खेळत्या जागेत काम करा. खाली जमीन थोडी ओली केली की धूळ उडत नाही. आजूबाजूला शेगडी, पेटता गिझर, सिगारेट, स्विचची ठिणगी यातलं काही नको; कॅनमधला वायू आणि थिनर दोन्ही पेट घेतात. रंगाचा तुषार वाटतो त्यापेक्षा खूप लांब जातो, तेव्हा शेजारच्याची गाडी आधी हलवायला सांगा. नंतर भांडून उपयोग नाही.

कॅन थंड असेल तर दाब कमी पडतो आणि रंग थेंबाथेंबाने उडतो. कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा. कोमट म्हणजे हात सुखाने बुडेल इतकंच. ५० अंशांच्या वर कॅन नेऊ नका असं त्याच्यावरच लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे. आतली गोळी खुळखुळायला लागली की तिथून पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. मेटॅलिक असेल तर प्रत्येक हाताआधी पुन्हा हलवा, कारण कण तळाशी बसतात.

हात कसा मारायचा

भाग टेबलावर आडवा ठेवण्यापेक्षा एखाद्या काठीवर किंवा डब्यावर टेपने असा बसवा की सगळ्या बाजूंनी फिरता येईल. रंगाआधी चिकट फडक्याने, म्हणजे टॅक क्लॉथने, अगदी हलकेच पुसा.

कॅन भागापासून २० ते २५ सेंटीमीटरवर. बटण भागाच्या बाहेर असतानाच दाबायचं, सरळ रेषेत पलीकडे जायचं आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. मनगट वळवलं की मध्ये रंग जास्त आणि टोकांना कमी बसतो, म्हणून खांद्यातून हात हलवा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. कडा आणि कोपरे आधी मारून घ्या, मग मधला भाग.

पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. नवशिक्यांना इथे धीर धरवत नाही. सगळं एकाच हातात झाकायला जातात आणि ओघळ येतो. पहिला हात फक्त पकड देण्यासाठी असतो. पाच-दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. मध्ये किती थांबायचं हे भागाला बोट लावून पाहू नका. शेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावरही प्रत्येक हात मारत जा, आणि बोट तिथे लावा. बोटाला रंग न लागता नुसतं चिकटल्यासारखं वाटलं की पुढचा हात मारायची वेळ झाली.

लाल आणि पिवळे रंग झाकायला वाईट, कितीही हात मारा, खालचा राखाडी डोकावतो. त्यांच्याखाली प्रायमरचा रंग विचारून घ्या. मोतिया पांढऱ्याच्या वाटेला घरी जाऊच नका. त्यात आधी पांढरा, त्यावर मोत्याचे कण असलेला अर्धपारदर्शक थर, मग क्लिअर असे तीन टप्पे असतात, आणि मधल्या थराचा एक हात कमीजास्त झाला की छटा बदलते.

क्लिअरचे दोन हात मध्यम आणि शेवटचा जरा ओला. ओला म्हणजे तिरक्या उजेडात पाहिलं तर पृष्ठभाग सपाट चमकतोय, पण अजून वाहत नाही, ती अवस्था. अंतर वाढलं की संत्र्याच्या सालीसारखी खडबड येते, कमी झालं की ओघळ. या दोन्हींच्या मधली जागा एखाद्या जुन्या झाकणावर आधी शोधून घ्या.

आणि कॅनवर दुसऱ्या हाताची मुदत लिहिलेली असते ती पाळा. बरेच रंग ‘एक तासाच्या आत, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनंतर’ अशा अटीचे असतात. मधल्या काळात मारलं तर वरच्या थिनरमुळे अर्धवट सुकलेला खालचा थर फुगतो आणि सुरकुततो. सुरकुतला की पुन्हा पेपरपासून सुरुवात.

ओघळ आलाच तर ओला असताना हात लावू नका. पूर्ण सुकू द्या. काही दिवसांनी धारदार ब्लेड जवळजवळ सपाट धरून उंचवटा खरवडा, मग लाकडी ठोकळ्यावर १५०० नंबरचा पेपर पाण्यासकट, मग २०००, मग ३००० आणि शेवटी कंपाऊंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. क्लिअर किती पातळ असतं ते वर सांगितलंच आहे, तेव्हा दर थोड्या वेळाने पुसून बघा. पाण्याचा रंग पांढरा असेपर्यंत तुम्ही क्लिअरमध्ये आहात. पाण्यात गाडीचा रंग दिसला की थांबा, तुम्ही खाली पोचलात.

वरून तासाभरात सुकल्यासारखा वाटला तरी कॅनचा रंग आतून कडक व्हायला आठवडाभर लागतो. त्याआधी क्लिपा दाबून कव्हर बसवलं तर बोटांचे ठसे कायमचे राहतात.

चाकं आणि ब्रेक यांच्याबाबत दोन सूचना. चाकाचे नट जिथे बसतात त्या उतरत्या खाचा आणि चाक हबला टेकतं ती मागची सपाट जागा टेप लावून झाका. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि आवळलेला नट ढिला पडू शकतो. कॅलिपरला उष्णता सोसणारा रंग लागतो, आणि डिस्क, पॅड, पिस्टनचं रबर यांच्यावर त्याचा एक थेंबही नको. सायलेन्सरचा रंग वेगळाच. तो गरम झाल्याशिवाय पक्का होत नाही, म्हणून इंजिन टप्प्याटप्प्याने तापवून थंड करायला सांगितलेलं असतं.

पेंटर नेमकं काय जास्त करतो

बूथ, हार्डनर आणि रंग जुळवणारा डोळा. बूथमध्ये गाळलेली हवा वरून खाली वाहते, त्यामुळे उडालेला तुषार आणि धूळ खाली ओढली जाते. रंगानंतर साधारण ६० अंशांवर अर्धा तास भाजला की टू-के क्लिअर हाताळण्याइतकं कडक होतं. घरी यातलं एकही जमत नाही.

रंग जुळवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. गाडीचा कलर कोड दाराच्या खांबावरच्या, बॉनेटखालच्या किंवा चासी नंबरच्या पट्टीवर असतो आणि त्यावरून कॅनही भरून मिळतो. पण एकाच कोडच्या रंगाच्या, कारखान्यानुसार आणि वर्षानुसार, अनेक छटा असतात. त्यात तुमची गाडी इतकी वर्षं उन्हात उभी. मेटॅलिकमध्ये आणखी एक मेख आहे. तोच रंग ओला मारला की कण खोल बसून गडद दिसतो, कोरडा मारला की कण वर राहून फिकट. कॅनला दाब आणि फवारा बदलता येत नाही. चांगला पेंटर आधी एका कार्डावर रंग मारतो, क्लिअर देतो, सुकवतो आणि गाडीला लावून समोरून आणि तिरकं असं दोन्ही बाजूंनी बघतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर नवा रंग शेजारच्या दारावर विरळ करत नेतो आणि पूर्ण दारावर नवं क्लिअर मारतो, म्हणजे फरक कुठे सुरू होतो ते डोळ्याला सापडतच नाही. मडगार्ड रंगवायला दिलं आणि पेंटर दारालाही हात लावायचा म्हणाला तर तो काम वाढवतोय असं समजू नका. चंदेरी आणि फिकट मेटॅलिकवर मी उलट ते झालंच पाहिजे म्हणते.

काम देण्याआधी विचारायचं ते असं: हँडल, रबर, दिवे काढून रंगवणार की टेप लावून? क्लिअर टू-के आहे का? प्लास्टिकच्या भागावर प्रमोटर मारणार का? कार्डावर छटा दाखवणार का? टेप लावून केलेल्या कामात रबराच्या कडेला रंगाची धार राहते आणि कालांतराने पोपडा तिथूनच सुटतो. म्हणून माझा मधला मार्ग असा, की सुटणारा भाग मी घरी सोडवते, धुते आणि सुटाच नेऊन देते. बसवतेही मीच. पेंटरला सगळ्या कडा उघड्या मिळतात, रंग कडेवरून आत वळतो आणि टेपची धार राहत नाही. घासून मात्र नेऊ नका. दुसऱ्याने घासलेल्यावर आपला रंग मारायला चांगले पेंटर तयार नसतात, कारण पुढे काही झालं तर दोष कुणाचा हे ठरत नाही. त्यांचं बरोबर आहे.

बंपर द्यायचा असेल तर सेन्सरबद्दल आधी बोलून घ्या. पुढच्या किंवा मागच्या बंपरमागे रडार असेल, तर त्या जागेवर पुटी, जाड थर किंवा धातूचे कण असलेला रंग रडारच्या लहरींना आडवा येतो. कंपन्यांनी त्या भागाला किती थर चालतील याच्या मर्यादा घालून दिलेल्या असतात, काही ठिकाणी दुरुस्तीलाच मनाई असते. पार्किंगचे गोल सेन्सरही रंगाच्या थरावर थर चढले की नीट ऐकत नाहीत. हे घरी कॅनने करून बघायचं काम अजिबात नाही, आणि ज्या पेंटरला रडार कुठे आहे हे माहीत नाही त्याच्याकडेही देऊ नका.

गाडी परत घेताना दिवसाउजेडी जा. ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळतात. आधी उन्हात, मग सावलीत, समोरून आणि पॅनलच्या रेषेत डोळा खाली आणून तिरकं पाहा. सरळ रेषेच्या प्रतिबिंबाकडे बघा, खिडकीची चौकट किंवा विजेची तार चालेल. ती जिथे लाटेसारखी वळते तिथे पुटी नीट घासलेली नाही. टायर, काचेची कड आणि काळं प्लास्टिक यांच्यावर रंगाचा तुषार उडालाय का, दाराचं रबर उचलून कड कशी आहे, क्लिअरमध्ये धुळीचे दाणे किती, हे सगळं तिथेच दाखवून घ्या. दाणे आणि बारीक खडबड पेंटर तिथल्या तिथे घासून पॉलिश करून देऊ शकतो. रंगाचा फरक मात्र पॉलिशने जात नाही. तो मान्य नसेल तर चावी घेण्याआधी बोला.

नव्या रंगावर पहिला आठवडा मशीनचं धुणं टाळा, वॅक्स महिनाभर नको. पक्ष्याची शीट दिसली तर भरपूर पाण्याने लगेच भिजवून उचला, कोरडी घासू नका. घरी वापरलेला साधा कॅन उरला असेल तर तो उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत फवारा सोडा, तोटी मोकळी राहते आणि पुढच्या टच-अपला तोच कॅन चालतो. कॅनवर गाडीचं नाव, कलर कोड आणि तारीख लिहून ठेवा.